रोजच्या सत्तर रुपयांत कच्चं खाणं, आणि ज्वारीच्या मोडांचं काय?

प्रश्न : मी 32 वर्षांची आहे. गणवेश शिवण्याच्या कारखान्यात मशीनवर बसते. अडीच महिन्यांपूर्वी मोबाईलवर व्हिडिओ बघून सगळं कच्चंच खायला लागले. सकाळी दोन केळी आणि पपई, डब्यात काकडी-गाजर-टोमॅटो, संध्याकाळी सफरचंद नाहीतर कलिंगड आणि दिवसभरात सहा भिजवलेले बदाम. व्हिडिओत सांगितलं म्हणून मीठही बंद केलं. पहिल्या महिन्यात चार किलो उतरले, अंग हलकं वाटलं. आता दुपारी तीनच्या सुमाराला मशीनवर बसल्या बसल्या गरगरतं, पोट फुगतं, केस विंचरताना पुंजके हातात येतात. फळं-बदामापायी महिन्याला साडेतीन हजार जातात. माझ्या एकटीच्या खाण्यावर रोज 70 रुपयांच्या वर झेपत नाही. भाकरीवाचून चैन पडत नाही, म्हणून ज्वारीलाच मोड आणून खावेत असं मनात आहे. चार वर्षांच्या मुलालाही हे सगळं दिलं तर चालेल का? आमच्याकडचे भाव : शेंगदाणे 140, मटकी 120, ज्वारी 45, बदाम 800 रुपये किलो. केळी 50 रुपये डझन, दूध 60 रुपये लिटर, काकडी-गाजर 40 रुपये किलो.
— एक भगिनी, अक्कलकोट रोड, सोलापूर

उत्तर : ताई, आधी ज्वारीच्या मोडांचं सांगतो, कारण ते मनातून आजच काढून टाकायला हवं. ज्वारीला मोड आणून कच्चे खाऊ नका. ज्वारीच्या पक्क्या, वाळलेल्या दाण्यात धोका नाही. पण दाणा रुजायला लागला की त्याच्या कोंबात धुरिन नावाचं द्रव्य साठायला लागतं, आणि तो कोंब चावला किंवा वाटला की त्यातून सायनाइड सुटतं. कोवळ्या ज्वारीत जनावर शिरलं की शेतकरी हातातलं काम टाकून त्याला हाकलायला धावतो, ते पीक वाचवण्यासाठी तर असतंच, पण जनावर वाचवण्यासाठीही असतं. मटकी, मूग, नाचणी यांच्या मोडांना हा दोष नाही. हुरड्याची गोष्टही वेगळी : तो कणसात भरत आलेला दाणा असतो, रुजलेला नव्हे, आणि आगटीत भाजूनच खातात. ज्वारी खायची तर दळून, भाजून, भाकरी करूनच. त्यामुळे तुम्हाला भाकरी सोडवत नाही ही चांगलीच गोष्ट आहे. ती सोडू नका.

आता तुमच्या गरगरण्याकडे येऊ. पत्रात लिहिलेलं दिवसभराचं खाणं आम्ही मोजून पाहिलं. दोन केळ्यांतून साधारण 200 कॅलरी, पपईच्या चार-पाच फोडींतून शंभरेक, डब्यातल्या अर्धा किलो काकडी-गाजर-टोमॅटोमधून सव्वाशेच्या आसपास, संध्याकाळच्या फळातून शंभरेक आणि सहा बदामांतून जेमतेम 45. सगळं मिळून सहाशेच्या आगेमागे. बैठं काम करणाऱ्या 55 किलो वजनाच्या बाईला राष्ट्रीय पोषण संस्थेच्या मोजणीप्रमाणे दिवसाला 1660 कॅलरी आणि 46 ग्रॅम प्रथिनं लागतात. तुमच्या पोटात प्रथिनं 10-11 ग्रॅमच जातात. पोट भरलेलं वाटतं ते पाण्यानं आणि चोथ्यानं. चार किलो उतरले त्यात चरबीबरोबर स्नायूही गेला असणार. केसांचंही तसंच. अंगाला एकदम कमी मिळायला लागलं की केस लगेच गळत नाहीत, दोन-तीन महिन्यांनी गळतात. तुम्ही आता नेमक्या त्याच टप्प्यावर आहात. खाणं पुरेसं झालं की ते परत येतात, पण त्यालाही काही महिने जातात. तेल बदलून काही होणार नाही.

तुमचं गणित चुकलं ते कच्चं खाण्यापायी नव्हे. फळालाच जेवण मानलं, तिथं चुकलं. कमी पैशांत कच्चं खायचं तर ताटाचा भार तेलबियांवर आणि मोड आलेल्या कडधान्यावर टाकावा लागतो. फळ आणि काकडी ही तोंडीलावणी. बदामाचंच बघा. 100 ग्रॅम बदामात प्रथिनं 20-21 ग्रॅम आणि तुमच्या भावानं त्याला 80 रुपये पडतात. 100 ग्रॅम शेंगदाण्यात ती 25 ग्रॅम आणि 14 रुपयांत. शेंगा चटणीच्या गावात राहून बदामाला पैसे घालायचं काहीही कारण नाही.

शेंगदाणे

रोज 60 ग्रॅम धरा. म्हणजे दोन लहान मुठी. किराणा दुकानातल्या काट्यावर एकदा घरची वाटी नेऊन 60 ग्रॅम कुठपर्यंत येतात ते बघून खूण करून ठेवा, रोज मोजायची कटकट जाते. यातून 330 कॅलरी आणि 15 ग्रॅम प्रथिनं मिळतात.

रात्री धुऊन, बोटभर वर येईल इतक्या पिण्याच्या पाण्यात भिजवा. सकाळी ते पाणी ओतून द्या, दाणे पुन्हा दोनदा धुवा. एप्रिल-मे मध्ये भिजवण सहा तासांच्या पुढे नेऊ नका, पाण्यावर फेस आणि बोटांना बुळबुळीतपणा आला की ते गेले समजा. भिजलेला दाणा ओल्या खोबऱ्यासारखा लागतो आणि चावायला सोपा जातो. नीट, बारीक चावा, नाहीतर अर्धे तसेच बाहेर पडतात.

घेताना मात्र पैसे वाचवू नका. फुटके, सुरकुतलेले, काळपट दाणे स्वस्तात मिळतात ते घ्यायचे नाहीत. शेंगदाण्यावर जी हिरवी-पिवळी बुरशी येते तिच्यातून अफ्लाटॉक्सिन नावाचं विष तयार होतं. ते यकृतावर जातं, आणि धुतल्यानं, भिजवल्यानं किंवा घरच्या भाजण्यानं त्यातलं सगळं काही जात नाही. भिजवायच्या आधी ताटात पसरून निवडा. आणि खाताना एखादा दाणा कडू लागला तर गिळू नका, थुंकून टाका. पावसाळ्यात महिन्याचे एकदम भरू नका, पंधरा दिवसांचे आणा आणि घट्ट झाकणाच्या डब्यात ठेवा.

मटकी आणि मूग

यावर जरा सविस्तर लिहावं लागेल, कारण पोट फुगणं आणि पोट बिघडणं दोन्ही इथूनच होतं.

रोज 50 ग्रॅम कोरडी मटकी किंवा मूग पुरे. मोड येऊन त्याचे दुप्पट-अडीचपट होतात. प्रथिनं 10 ग्रॅमच्या आसपास. (मोड आल्यानं प्रथिनं वाढतात असं सर्रास सांगतात. वाढतं ते क जीवनसत्त्व, आणि वायू करणारी साखर कमी होते. प्रथिनं तेवढीच राहतात.) तिप्पट पाण्यात आठ तास भिजवा, उन्हाळ्यात सहा. मग पाणी पूर्ण निथळू द्या आणि पातळ सुती फडक्यात सैल बांधून चाळणीत ठेवा. घट्ट गाठोडं डब्यात ठेवलं की आतली वाफ कोंडते आणि मधले दाणे आंबतात. बहुतेक घरांत मोडांना वास येतो तो याच कारणानं. थंडीत मोडाला एक दिवस लागतो. आपल्या मे महिन्यात दहा-बारा तासांत अर्धा सेंटिमीटर मोड येतो आणि तेवढाच पुरे. मधून एक-दोनदा पुरचुंडी सोडून पिण्याच्या पाण्यानं धुऊन परत बांधा.

फडकं रोज धुऊन उन्हात कडक वाळवायचं, आठवड्यातून एकदा उकळत्या पाण्यातून काढायचं. ओलसर राहिलेलं फडकं म्हणजे जंतूंचं विरजण. भिजूनही खड्यासारखे राहिलेले दाणे बोटानं चाचपून काढून टाका, दात तुटतो. चांगल्या मोडांना ओल्या गवतासारखा वास येतो. आंबूस वास आला, बोटांत तार आली, किंवा मोडाचं टोक तपकिरी झालं की टाकून द्या, मग कितीही जीव तुटला तरी. फ्रिज असेल तर दोन दिवस, नसेल तर रोजचे रोज करा.

आता एक गोष्ट अगदी स्पष्ट सांगायला हवी. मोडांना जी ऊब आणि ओल लागते तीच जंतूंनाही आवडते, आणि जंतू दाण्याच्या सालीखाली असले तर वरून धुऊन निघत नाहीत. 2011 साली जर्मनीत मेथीच्या कच्च्या मोडांतून ई-कोलाय नावाच्या जंतूची साथ पसरली होती, तिच्यात 50 हून अधिक माणसं दगावली. आपल्याकडे नळाला रोज पाणी येत नाही, पिंपातल्या साठवणीच्या पाण्यावर घर चालतं. म्हणून आमचा आग्रह असा, की मोड खायच्या आधी दोन मिनिटं उकळत्या पाण्यात बुडवून काढा. करकरीतपणा बऱ्यापैकी राहतो. थोडं क जीवनसत्त्व जातं, ते वर लिंबू पिळून भरून निघतं. व्हिडिओवाल्यांच्या नियमात हे बसणार नाही. न बसू दे. धडधाकट माणसानं कधी कच्चे खाल्ले तर वेगळं, पण सध्या तुमचं अंग थकलेलं आहे.

पोट फुगायचं म्हणाल, तर पहिले तीन दिवस दोन मोठे चमचे मोड, मग दर दोन-तीन दिवसांनी दोन चमचे वाढवा. आतड्याला सवय लागायला पंधरा दिवस जातात. एकदम वाटीभर खाल्ले तर कुणाचंही पोट फुगेल. सुरुवात मुगानं करा, तो मटकीपेक्षा सोसतो.

भाकरी, ताक, मीठ

दुपारी एक आणि रात्री एक अशा दोन भाकरी. साधारण 140 ग्रॅम पीठ, 470 कॅलरी, 6 रुपये. एवढ्या पैशांत एवढी ताकद देणारी कुठलीच कच्ची वस्तू बाजारात नाही.

पाव लिटरला थोडं कमी, म्हणजे 200 मिली दुधाचं दही रोज लावा. दूध उकळलेलंच हवं, कच्चं दूध पिऊ नका, त्यातून ब्रुसेलोसिससारखे आजार येतात. दह्याचं महत्त्व प्रथिनांसाठी आहेच, पण ब-12 साठी जास्त आहे. ते कुठल्याही फळात, भाजीत, मोडांत नाही. शाकाहारी माणसाला दूध-दही हाच त्याचा घरचा आधार. तो तुम्ही अडीच महिने तोडलात.

मीठ आजपासून परत सुरू. तुमची चक्कर नेमकी दुपारी तीनची आहे हे बघा. पत्र्याखाली किंवा बंद हॉलमध्ये मशीनसमोर घाम गळतोय, पोटात सव्वाशे कॅलरींचा डबा, आणि मीठ शून्य. डब्याबरोबर बाटलीत ताक न्या, त्यात पाव चमचा मीठ आणि जिरेपूड. तुम्हाला रक्तदाबाचा त्रास असेल तर मात्र मिठाचं प्रमाण डॉक्टरांना विचारून ठरवा.

पालेभाजी : घोळाणा

कच्चं खाण्याची खरी मजा आपल्याकडे भाकरीबरोबरच आहे. मेथीचा घोळाणा करा. पाव जुडी मेथीची कोवळी पानं, एक कांदा किंवा मूठभर कांद्याची पात, तुमच्या 60 ग्रॅममधलेच थोडे भिजलेले शेंगदाणे ओबडधोबड ठेचून, लाल तिखट, दोन चमचे करडईचं किंवा शेंगदाण्याचं तेल, लिंबू. मीठ जेवायला बसताना घाला, आधी घातलं की पानं पाणी सोडतात आणि सगळं लगदा होतं. मेथीतलं लोह अंगी लागायला लिंबू लागतंच. आणि जेवणाच्या आगेमागे तासभर चहा नको, चहा ते लोह अडवतो. कोवळी करडई, मुळ्याचा पाला, हिवाळ्यात डहाळ्यांवरचा ओला हरभरा, सगळं या पद्धतीनं चालतं. पालक मात्र रोज कच्चा नको, मुतखड्याचा त्रास असेल तर मुळीच नको.

पालेभाजी धुताना एक चूक बहुतेक जण करतात : चाळणीत ठेवून वरून पाणी सोडतात. त्यानं माती पानांच्या बेचक्यात जाऊन बसते. मोठ्या पातेल्यात भरपूर पाणी घ्या, पानं सुटी करून बुडवा, हातानं हलवा, दोन मिनिटं थांबा. माती तळाला बसते. मग पानं वरच्या वर उचलून काढा, पातेलं पालथं करू नका. तळाशी वाळू लागायची थांबेपर्यंत हे करा, सहसा तीन पाणी लागतात. शेवटचं पाणी पिण्याचं. मिठाच्या पाण्यानं अळ्या-किडे सुटतात, जंतू मरत नाहीत. मैल्याच्या खतावर किंवा सांडपाण्यावर वाढलेल्या भाजीतून फितकृमीची (फितीसारख्या लांब जंताची) अंडी पोटात जाऊ शकतात आणि त्यातून पुढे मेंदूपर्यंत त्रास पोचतो. म्हणून कोबी-फ्लॉवर शिजवूनच, आणि काकडी, गाजर, मुळा, बीट सोलून.

कच्चं अजिबात खायचं नाही असं आणखी थोडं : राजमा (चार-पाच कच्चे दाणेही उलट्या करवतात), वाल-पावटा, सोयाबीन, अळू. कडधान्यं भिजवली, मोड आणले तरीही कच्ची नाहीत. आणि हिरवट पडलेला बटाटा तर शिजवूनही नको.

बाजार आणि हिशेब

मंडईत रात्री उठायच्या वेळी भाव पडतात. त्या वेळी काकडी, गाजर, बीट, कांदा, लिंबू घ्या. मेथी-कोथिंबीर तेव्हाची घेऊ नका, दिवसभर उन्हात पाणी मारून ठेवलेली असते, सकाळपर्यंत काळी पडते. सफरचंद बंद करा. करमाळ्याकडची केळी बारमाही आहेत, बाकी हंगामाप्रमाणे बोरं, पेरू, पपई, कलिंगड. सांगोल्याच्या डाळिंबांतली डागाळलेली स्वस्तात मिळतात. सालीवर तेल्याचे काळे डाग असतील पण साल तडकलेली नसेल तर खुशाल घ्या, तेल्या हा झाडाचा रोग आहे, माणसाला होत नाही. तडकलेलं फळ फुकट दिलं तरी नको, आत बुरशी असते. गाड्यावरच्या कापून ठेवलेल्या फोडीही नकोत.

तुमच्याच भावानं एका दिवसाचं : शेंगदाणे 60 ग्रॅम साडेआठ रुपये, मटकी 50 ग्रॅम 6, ज्वारी 6, दूध 12, दोन केळी सव्वाआठ, साडेतीनशे ग्रॅम काकडी-गाजर-मेथी 14, तेल 2, एक मोठा चमचा तीळ 3, नारळाचा लहानसा तुकडा साडेतीन, लिंबू-मिरची 3. झाले 66-67 रुपये. यातून 1650 च्या आसपास कॅलरी आणि 50 ग्रॅमच्या वर प्रथिनं जातात. उरलेले तीन-चार रुपये साठवून आठवड्यातून दोनदा हंगामाचं फळ.

डब्यात मोड, चिरलेली काकडी आणि मीठ-लिंबू वेगवेगळं न्या, खाताना कालवा. सकाळी सातला कालवलेली कोशिंबीर दुपारी एकला, 42 अंशांत, आंबलेली असते.

मुलाचं

नाही. चार वर्षांच्या पोटात मावतं थोडं, त्यात काकडी-कलिंगड भरलं तर वाढीला काहीच उरत नाही. त्याला वरण-भात, भाकरी-दूध, शिजवलेली उसळ आणि सोबत धुऊन सोललेलं फळ द्या. अख्खे शेंगदाणे या वयात घशात अडकतात, कूट करूनच. घरात वयस्क किंवा गरोदर कुणी असेल तर त्यांनाही मोड शिजवूनच.

आणि या आठवड्यातच सिव्हिलच्या ओपीडीत जाऊन हिमोग्लोबिन बघून घ्या, ब-12 ची तपासणी कुठे होईल तेही तिथंच विचारा. हिमोग्लोबिन 12 च्या खाली असेल तर नुसत्या घोळाण्यानं भरून येणार नाही, डॉक्टर देतील त्या गोळ्या लागतील. वर सांगितलेलं खाणं आणि मीठ सुरू केल्यावर चक्कर सात-आठ दिवसांत कमी व्हायला हवी. नाही झाली, किंवा मशीनवर डोळ्यांपुढे अंधारी आली, तर वाट बघू नका. त्या दिवशी मशीन बंद करून, शेजारच्या बाईला सोबत घेऊन थेट दवाखाना गाठा.